कुठल्या दुखण्याला कुठली मालिश

नाशिकच्या गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडवरच्या स्पामध्ये गेलं की हातात एक चकचकीत कार्ड येतं: स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, बालिनीज, अरोमा, हॉट स्टोन. पंचवटीकडच्या एखाद्या पंचकर्म चिकित्सालयात गेलात तर फळ्यावर अभ्यंग, उद्वर्तन, पत्रपोटली, शिरोधारा लिहिलेलं असतं. दोन्हीकडे बहुतेक लोक दर बघून मधलं काहीतरी निवडतात आणि घरी येऊन म्हणतात, छान वाटलं, पण खांद्याचं दुखणं काही उतरलं नाही. नाव वाचून निवड केली की असंच होतं. खरं बघायचं ते वेगळंच: दुखणं कुठे आणि कसं आहे, दाब किती सोसतो, आणि त्या दिवशी मालिशनंतर काय काम आहे.

आधी अंगठ्याने तपासा

जिथे आखडलंय तिथे अंगठा ठेवा आणि पाच-सहा सेकंद हळूहळू दाब वाढवत न्या. दाबल्यावर दुखलं, पण "हां, तिथेच" असं वाटलं, सोडल्यावर बरं वाटलं, तर ते आपण ज्याला गोड दुखणं म्हणतो ते. स्नायू आखडलाय. मालिशचा खरा उपयोग इथे होतो.

दाबल्यावर चमक निघून हातात किंवा पायात खाली गेली, मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, तर नस कुठेतरी दबलेली असण्याची शक्यता आहे. तिथे जोराची मालिश करून घेऊ नका, आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. जागा लाल, गरम, सुजलेली असेल तर बोटही लावू नका. एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असली आणि पोटरी चोळली, तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लांबचा प्रवास, पायाचं प्लॅस्टर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यानंतर हा धोका वाढतो, आणि नेमके तेव्हाच घरचे म्हणतात, "पाय जरा चोळून दे."

आणि कुठेही दाबलं तरी खास काही दुखत नाही, फक्त अंग जड झालंय, झोप लागत नाही, असं असेल तर जोराच्या मालिशचे पैसे वाया जातील. तुम्हाला हलक्या हाताची, पूर्ण अंगाची मालिश हवी आहे.

स्वीडिश की डीप टिश्यू

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो, म्हणून जरा सविस्तर. स्वीडिश म्हणजे पाच हालचाली: लांब सरकता हात, कणकेसारखं मळणं, बोटांनी घासणं, थापटणं आणि थरथरवणं. नाव स्वीडनचं असलं तरी या हालचालींना एकोणिसाव्या शतकात पद्धतशीर रूप दिलं ते योहान मेझगर या डच डॉक्टरने. तेल भरपूर, दाब हलका ते मध्यम, वेळ ६० मिनिटं. पहिल्यांदाच मालिश करून घेणाऱ्याने, साठीच्या पुढच्या माणसाने, रक्तदाब असलेल्याने इथूनच सुरुवात करावी.

डीप टिश्यू म्हणजे तीच मालिश जास्त जोरात, असा समज आहे. तसं नाही. फरक जोराचा कमी आणि वेगाचा जास्त. यात तेल मुद्दाम थोडं घेतात, पाठीला दोन-तीन चमचे पुरे, कारण हात घसरला तर आतला स्नायू पकडता येत नाही. कोपर किंवा अंगठ्याची बाजू लावून कमरेपासून फऱ्यापर्यंत, म्हणजे खांद्याच्या पात्यापर्यंत, एक सरक घ्यायला चांगला थेरपिस्ट १५ ते २० सेकंद घेतो. जो तीच सरक तीन सेकंदांत मारतो तो डीप टिश्यू करत नाही, रगडतोय. घाईने जोर दिला की स्नायू स्वतःला वाचवायला आणखी घट्ट होतो, आणि दुसऱ्या दिवशी निळे डाग तेवढे उरतात.

दाब किती हवा हे आकड्यात सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे ओरडावंसं वाटेल. स्वीडिशला चार-पाच, डीप टिश्यूला सहा, फार तर सात. तुम्ही श्वास रोखताय, पायाची बोटं आवळताय, जबडा घट्ट झालाय, म्हणजे सातच्या पुढे गेलात. "दादा, जरा हळू" म्हणायला लाजू नका. सोसून घेतलं म्हणजे जास्त गुण येतो, हा तालमीतल्या मालिशवरून आलेला समज आहे. पैलवानाचं अंग रोज मेहनत करून त्याला सरावलेलं असतं, खुर्चीत बसणाऱ्याचं नसतं. फार जोराच्या मालिशनंतर अंग सुजल्यासारखं जड झालं आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर थांबू नका, लगेच दवाखाना. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर आल्याची ती खूण असते. क्वचित घडतं, पण घडतं.

द्राक्षबागेचा खांदा

निफाड-दिंडोरीकडे एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीत माणूस दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभा असतो. मान मागे, नजर वर, हातात कात्री. कानाच्या मागून खांद्यावर उतरणारा स्नायू दगडासारखा होतो. आणि कात्रीमुळे कोपराखालचा हात आखडतो, जो कुणी मोजतच नाही.

इथे पूर्ण अंगाची मालिश नको. पाऊण तास फक्त हात, खांदे आणि मान मागा, आणि क्रम सांगा. आधी कोपराखालचा हात: तळहात वर ठेवून मनगटाकडून कोपराकडे अंगठ्याने हळू सरकवत न्यायचं, प्रत्येक हाताला पाच-सात मिनिटं. मग दंड. मग खांदा, पण पालथं झोपवून नाही, कुशीवर झोपवून. कुशीवर खांदा सैल पडतो आणि फऱ्याच्या कडेपर्यंत बोटं पोचतात. शेवटी कवटीच्या खालची कड, जिथे मान डोक्याला मिळते: तिथे दोन बोटं ठेवून नुसतं धरायचं, अर्धा मिनिट, घासायचं नाही. सरळ मानेवर जोर लावला तर तेवढ्यापुरतं सैल वाटतं आणि दुसऱ्या दिवशी बागेत गेल्यावर पुन्हा तेच. छाटणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास हे महिन्यातून एकदा दोन तासांपेक्षा उपयोगी पडतं.

रात्री अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटं बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटात नस दबली आहे का ते तपासून घ्या. मालिशने ते सुटत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आठ तास उभं राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं, पोटऱ्या आणि कंबर. त्यांना मध्यम दाब, घोट्याकडून गुडघ्याकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेने. पायावर फुगलेल्या, वळ्या पडलेल्या निळ्या शिरा दिसत असतील तर त्या शिरांवर दाब द्यायचाच नाही, हे आधीच दाखवून ठेवा. संगणकावर बसणाऱ्याला तर नव्वद मिनिटांच्या पॅकेजची गरजच नसते; अर्ध्या तासाची पाठ-मान-खांदा मालिश पुरते.

तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, हरिहरच्या पायऱ्या किंवा लांबची सायकल राइड झाली की त्याच संध्याकाळी लोक डीप टिश्यू मागतात. ते चूक. मेहनतीनंतरचं अंगदुखणं २४ ते ७२ तासांत वाढत जातं, कारण स्नायूंत बारीक इजा झालेली असते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फक्त हलका, वर सरकवणारा हात, प्रत्येक पायाला दहा मिनिटं. जोराची मालिश दोन दिवसांनी. पाय मुरगळला असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्या घोट्याला तेल लावून चोळणं पूर्ण बंद, सूज वाढते.

अभ्यंग आणि त्याचे भाऊबंद

अभ्यंग हा शब्द आपल्याला दिवाळीच्या पहिल्या आंघोळीमुळे ठाऊक असतो. चिकित्सालयातलं अभ्यंग त्याच जातीचं, पण कोमट औषधी तेलाने, ठरावीक क्रमाने, बहुधा दोन जण दोन बाजूंनी एकाच वेळी करतात. हातापायाला लांब सरक, सांध्यांवर गोल. पूर्ण अंगाला ५० ते १०० मिलि तेल लागतं. त्वचा कोरडी, सांधे कुरकुरतात, थंडीत अंग धरतं, झोप कमी, अशांना स्पापेक्षा हे जास्त मानवतं. निफाडचा पारा खाली येतो त्या दिवसांत तिळाचं तेल घ्या, उन्हाळ्यात खोबरेल. सांध्यांसाठी महानारायण तेल सर्रास वापरतात. तेल थेट गॅसवर तापवू नये. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवावी आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघावा. नवं तेल असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या खळीत थोडं लावून ठेवा. खाज किंवा लाली आली नाही तरच पुढे.

अभ्यंगानंतर पेटीत बसवून वाफ देतात. डोकं बाहेर राहतं. हृदयविकार, जास्त रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर वाफ नको म्हणा. ताप असताना किंवा अजीर्ण झालेलं असताना अभ्यंगच करत नाहीत, आणि जो वैद्य हे न विचारता तुम्हाला टेबलावर झोपवतो त्याच्याकडून उठून यावं.

पत्रपोटली म्हणजे निर्गुडी, एरंड अशा पानांच्या पुरचुंड्या तेलात गरम करून शेकणं. जुन्या कंबरदुखीला, गुडघ्याला बरं वाटतं. पुरचुंडी आधी थेरपिस्टने स्वतःच्या हातावर लावून बघितली पाहिजे. कटीबस्तीत कमरेवर उडदाच्या पिठाचं कडं करून त्यात कोमट तेल अर्धा तास ठेवतात. ती मालिश नाही, पण कंबर धरलेल्याला मालिशपेक्षा सोसते. उद्वर्तनात कुळीथ किंवा त्रिफळ्याच्या कोरड्या चूर्णाने खालून वर घासतात. त्वचा मस्त होते. चरबी वितळते असं सांगून दहा बैठकांचं पॅकेज गळ्यात मारलं जातं, ते घेऊ नका. घासून चरबी जात नाही.

शिरोधारेत कपाळापासून चार बोटं उंचीवरून तेलाची धार अर्धा-पाऊण तास सोडतात. ताण, झोप न लागणं, यासाठी ठीक. तेल दीड-दोन लिटर लागतं, म्हणूनच ते महाग आणि म्हणूनच एकाचं तेल दुसऱ्याला वापरायचा मोह होतो. माझ्यासाठी तेल नवीन आहे का, हे विचारायचंच. त्या दिवशी दुचाकीवर जाऊ नका. डोकं जड असतं, केस चिकट, हेल्मेट सरकतं.

काशाची वाटी

पाय जळजळतात, दिवसभर चालून तळपाय तापतात, झोप उशिरा लागते, त्याला घरच्या घरी हा उपाय आहे आणि खर्च एकदाच. भांडी बाजारात वाटी घेताना नखाने टिचकी मारा: काशाचा नाद लांब घुमतो, पितळेचा लवकर विझतो. कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. कडक असतं, पण ठिसूळ, फरशीवर पडलं की तडकतं.

पाय धुऊन कोरडे करा. भेगा, चिरा, फोड नाहीत ना ते बघा. एका पायाला एक चमचा तूप किंवा खोबरेल. वाटीचा गोल बुडखा तळव्याला लावून टाचेपासून बोटांकडे छोट्या गोलात फिरवायची, मधल्या खोलगट भागाला जास्त वेळ, घोट्याच्या हाडावर नाही, हाडाच्या भोवतीने. एका पायाला दहा ते पंधरा मिनिटं. खाली जुनी चादर घ्या, कारण तळवा काळा होतो आणि तो डाग कपड्यावरून जात नाही.

हा काळेपणा म्हणजे अंगातली उष्णता किंवा विषारी द्रव्यं बाहेर आली, असं काशाच्या वाटीचं मशीन लावून तळवे घासून देणारे सांगतात. तीच वाटी तेल लावून पांढऱ्या कापडावर जोराने घासून बघा, कापडही काळपट होईल. तो घासल्या गेलेल्या धातूचा आणि तेलाचा मळ आहे. म्हणून वाटी निरुपयोगी ठरत नाही, फक्त काळेपणा मोजून पैसे देऊ नका. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर वाटी, लाकडी काठीची रिफ्लेक्सॉलॉजी (तळव्यावरचे ठरावीक बिंदू दाबणं) आणि गरम दगड तिन्ही टाळा. भाजलेलं किंवा सोललेलं कळतच नाही. रिफ्लेक्सॉलॉजीच्या तक्त्यावर तळव्यात यकृत, मूत्रपिंड दाखवलेलं असतं, त्याला आधार नाही, पण थकलेल्या पायाला आराम पडतो हे खरं.

थाई मालिश कपड्यांवरच, जमिनीवरच्या गादीवर करतात, तेल नाही. अंग ताणून, वळवून, तळव्यांनी दाबत. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सैल पायजमा घालून जा आणि नव्वद मिनिटं हाताशी ठेवा. आखडलेल्या पण निरोगी माणसाला उत्तम. गुडघा किंवा खुबा बदललेला, मणक्याची गादी सरकलेली, हाडं ठिसूळ झालेली, यांनी लांब राहावं.

बाळंतीण

साधं बाळंतपण असेल तर डॉक्टरांना विचारून काही दिवसांत हातपाय आणि पाठीची मालिश सुरू होते. सिझर असेल तर पोटाला साधारण सहा आठवडे हात नाही, आणि नंतरही डॉक्टर हो म्हणाले तरच. तेल-पाणी करायला येणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, कारण "पोट आत जायला पाहिजे" म्हणून त्या टाक्यांवर चोळायला जातात, तेही मायेनेच. एका पोटरीत दुखतंय असं बाळंतीण म्हणाली तर वर सांगितलेली गुठळीची गोष्ट आठवा. बाळाला तेल लावताना नाकात-कानात थेंब टाकायचे नाहीत, आणि नाक-डोक्याला आकार द्यायला दाबायचं नाही. गर्भारपणी पहिले तीन महिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश नको. पुढे कुशीवर झोपवून, हलक्या हाताने.

सलूनमधली चंपी

दहा मिनिटांची चंपी चांगलीच. पण शेवटी हनुवटी धरून मान दोन्हीकडे कटकन मोडतात, ते करू देऊ नका. मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अशा झटक्याने आतून चिरून पक्षाघात झालेला आहे, तोही तरुण माणसांना. खुर्चीत बसतानाच सांगून टाका, "मान मोडू नका." नंतर सांगायला वेळच मिळत नाही.

ठरवण्याआधी आणि टेबलावर

दुखण्यासाठी जाताय तर माणूस कोण आहे ते विचारा. वैद्य असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक, फिजिओथेरपिस्ट असेल तर राज्याच्या ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलचा. नुसत्या आरामासाठी स्पा चालेल, पण तिथेही चादर-टॉवेल धुतलेले, तेल तुमच्यासमोर बाटलीतून, आणि थेरपिस्ट बाई हवी की पुरुष हे तुम्ही ठरवायचं. अंगावर काय ठेवायचं तेही तुम्हीच. ज्या भागावर काम चालू नाही तो टॉवेलने झाकलेला असला पाहिजे. पहिल्या भेटीत पॅकेजचे पैसे भरू नका.

सुरुवातीच्या दोन मिनिटांत हे सांगा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या (जोराचा दाब नको, जागोजागी रक्त साकळतं), रक्तदाब, मधुमेह, शस्त्रक्रिया, कुठे जोर हवा आणि कुठे हातच नको. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. वाइनरीची सहल करून थेट मसाजला जाणारे पाहुणे असतात. वाइन झाली असेल तर मालिश दुसऱ्या दिवशी, चक्कर येते.

उठताना आधी कुशीवर, मग बसून एक मिनिट, मग उभं राहायचं. तळहात आणि तळपाय बेसनाने किंवा कुळथाच्या पिठाने पुसून घ्या, नाहीतर तेलकट हाताने ब्रेक नीट दाबला जात नाही आणि चप्पल जिन्यावर सटकते. अर्ध्या-एक तासाने कोमट पाण्याने आंघोळ.

दुसऱ्या दिवशी थोडं ठणकणं चालतं. दोन दिवसांत ते गेलं पाहिजे आणि मान किंवा खांदा आधीपेक्षा थोडा जास्त वळला पाहिजे. मालिशच्या आदल्या दिवशी मान फिरवून कुठपर्यंत दिसतं ते भिंतीवरच्या एखाद्या खुणेवरून ठरवून ठेवा, नंतर तिथेच बसून बघा. तीन वेळा झालं आणि खूण तिथेच असेल, तर चौथ्यांदा तीच मालिश घेऊ नका, फिजिओथेरपिस्टकडे जा.